सात मिनिटांची शांतता

रविवारी दुपारी मुकुल टिपणीसच्या घरचा फ्रिज एखाद्या परक्या माणसानं उघडला असता, तर हे घर वेड्यांचं आहे अशी त्याची खात्रीच पटली असती. भाजीच्या कप्प्यात कोथिंबिरीच्या जुडीशेजारी चार मोबाईल, अंडी ठेवायच्या खाचांमध्ये घरांच्या किल्ल्या, आणि एवढं सगळं आत ठेवून फ्रिज बंद.

वेडीच होती ती मंडळी, पण निरुपद्रवी. 'बिनपडदा' हे त्यांच्या गटाचं नाव. डोंबिवली पूर्वेच्या त्या फ्लॅटमध्ये दर रविवारी दुपारी, सोसायटी जेवून आडवी झाली की, ते श्रुतिका करायचे, म्हणजे नुसती कानांनी ऐकायची नाटकं. आतल्या खोलीच्या भिंतींना गोधड्या टांगलेल्या, खिडकीला गादी टेकवलेली, पंखा बंद, सगळ्यांच्या अंगाला घामाच्या धारा. फ्रिजची घरघर मायक्रोफोनला ऐकू जाते म्हणून तोही बंद करायचा, आणि निघताना चालू करायला विसरू नये म्हणून प्रत्येकानं आपली किल्ली त्यातच ठेवायची. किल्लीवाचून कोणी घरी जाऊ शकत नाही. त्यामुळे मुकुलच्या बायकोचं दूध एकदाच नासलं, पुन्हा नाही.

मोबाईलही फ्रिजमध्ये ठेवायचे, ही शिस्त मात्र प्रमोदिनी खांबेटेनं घालून दिली होती. बंद करा, बंद करा म्हणून कितीही कानीकपाळी ओरडलं तरी एखाद्याचा मोबाईल ऐन प्रसंगात थरथरायचाच. प्रमोदिनी दूरध्वनी खात्यात चौकशीच्या टेबलावर तीस वर्षं बसलेली बाई. आयुष्यभर वाजेल तो फोन उचलत आल्यामुळे फोन या वस्तूबद्दल तिच्या मनात कसलंच प्रेम उरलं नव्हतं. दुसरा नियमही तिचाच. एकदा अख्ख्या दुपारचं रेकॉर्डिंग यंत्रातून उडालं, तेव्हा ती मुकुलवर अशी काही बरसली की त्या दिवसापासून सगळं दोन ठिकाणी साठवायचं ठरलं, एक हातातल्या रेकॉर्डरमध्ये आणि एक लॅपटॉपवर. लॅपटॉपचा पंखाही आवाज करतो म्हणून तो बाहेर जेवणाच्या टेबलावर असायचा आणि त्याची वायर दाराखालून आत यायची. "दोन ठिकाणी असेल तरच ते आहे असं समजायचं," हे तिचं पालुपद होतं. हे वाक्य लक्षात ठेवा, कारण नेमकं नको त्या दिवशी तीच ते विसरली.

दोन वर्षांपूर्वीच्या एका रविवारी तिचा मोबाईल त्या कप्प्यात तीन वेळा थरथरला होता. दोन चाळीस, दोन सत्तेचाळीस आणि तीन पाच. तिन्ही वेळा प्रभाकर, तिचा नवरा. तो ठाण्यात खोपटच्या घरी एकटा होता आणि त्याच्या छातीत कळा येत होत्या. पहिला आणि तिसरा फोन आल्याचं प्रमोदिनीला कळलंच नाही. दुसरा कळला, आणि खरी गोम तिथेच आहे.

दोन प्रसंगांच्या मध्ये ती पाणी प्यायला बाहेर आली होती. बाटलीसाठी फ्रिज उघडला, तर मोबाईल एका स्टीलच्या डब्याला टेकून थरथरत होता आणि त्यावर प्रभाकरचं नाव होतं. प्रभाकरचे फोन कशासाठी असायचे? साखरेचा डबा कुठे आहे, रिमोट कुठे ठेवलास, दूधवाल्याला काय सांगू. आत प्रसंग रंगात आला होता, तिचा आवाज नुकता कुठे लागला होता. तिनं मोबाईल कोथिंबिरीशेजारी पालथा ठेवला, दार लावलं आणि ती आत गेली. साडेचारला किल्ली घेताना तिनं उलट फोन केला. तो शेजारच्या बाईनं उचलला.

लेकीला, क्षिप्राला, तिनं सांगितलं, "मोबाईलची बॅटरी संपली होती गं." एवढं एकच वाक्य. पुण्याला नोकरी करणाऱ्या क्षिप्रानं त्यावर विश्वास ठेवला. वडिलांचा मोबाईल मात्र तिनं स्वतःकडे ठेवून घेतला. त्या तीन फोनच्या वेळा तिला पाठ होत्या. कधीतरी जेवताना मध्येच म्हणायची, "तुझी बॅटरी तेवढी असती तर..." प्रमोदिनी ताटाकडे बघत राहायची. मी फोन पाहिला होता आणि उचलला नाही, हे लेकीला कधीही कळता कामा नये, एवढी एकच गोष्ट ती जिवापाड जपत होती.

त्यानंतर वर्षभर ती डोंबिवलीला फिरकली नाही. तिला परत नेलं ते मुकुलनं. मुकुल चाळिशीचा, वागळे इस्टेटमधल्या एका ऑफिसात कामाला, आणि 'बिनपडदा'चा लेखक, दिग्दर्शक, जुळवाजुळव करणारा, सगळं तोच. त्याला सख्खी बहीण नाही आणि हिला भाऊ नाही, म्हणून गेली नऊ वर्षं ती त्याला भाऊबीजेला ओवाळत होती. प्रभाकर गेला तेव्हा स्मशानापासून दाखल्यांपर्यंत सगळीकडे मुकुलच धावला होता. ऑफिस सुटल्यावर वाटेत खोपटला उतरायचा, चहा प्यायचा आणि म्हणायचा, "ताई, तुझ्याशिवाय मजा नाही गं. ये ना परत."

ती गेली. त्या दिवशी मोबाईल त्याच कप्प्यात ठेवून तिनं काम नीट केलं. संपल्यावर बाकीचे खाली चहाला गेले आणि मुकुल म्हणाला, "थांब, शांतता घेऊन टाकू." हा त्यांच्या कामातला शेवटचा विधी. प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते. वाक्यांच्या मधल्या जागा भरायला तीच लागते, म्हणून शेवटी मिनिटभर कोणी न बोलता, न हलता रिकाम्या खोलीचा आवाज घ्यायचा. दोघं समोरासमोर बसली. शेजारच्या घरातला पोपट नेहमीसारखा बारीक आवाजात "आलो, आलो" म्हणाला. आणि वर्षभर दाबून ठेवलेलं सगळं प्रमोदिनीच्या तोंडून बाहेर पडलं.

सात मिनिटं ती बोलत होती, रडत होती, पुन्हा बोलत होती. मुकुलनं तिला मध्ये अडवलं नाही, एक शब्दही काढला नाही, साधा "हं" नाही. त्या वेळी तिला तो त्याचा मोठेपणा वाटला.

मग तिचं लक्ष रेकॉर्डरवरच्या लाल ठिपक्याकडे गेलं. "हे चालू आहे?"

"अगं हो. विसरलोच मी. थांब, पुसतो." त्यानं रेकॉर्डर तिच्या डोळ्यांसमोर धरला आणि बटण दाबलं. "हे बघ, गेलं. क्षिप्राला काही कळणार नाही. तू निवांत राहा."

ती खरंच निवांत राहिली. घरी येऊन कित्येक महिन्यांनी पोटभर जेवली. एका माणसाला तरी सगळं माहीत आहे आणि तो आपल्याला वाईट म्हणत नाही, या एका गोष्टीवर तिचे पुढचे दिवस बरे गेले. बाहेरच्या टेबलावरचा लॅपटॉप तिला आठवलासुद्धा नाही.

यंदा ठाण्यातल्या एका संस्थेनं हौशी श्रुतिकांची स्पर्धा ठेवली. मुकुलनं 'फोन लागत नाही' नावाची श्रुतिका लिहिली. ट्रेकला गेलेला मुलगा दरीत अडकतो, आईला फोन करत राहतो, आणि आई घरी नसते. प्रमोदिनीच्या मनात पाल चुकचुकली होती. पण नाटकातली आई देवळात गेलेली होती, फ्रिजचा कुठे उल्लेख नव्हता, आणि शिवाय लिहिणारा मुकुल होता. आईचं शेवटचं स्वगत तिनं अकरा वेळा म्हटलं. दर वेळी मुकुल मान हलवायचा. "छान आहे ताई, पण चौकशीच्या टेबलावरून बोलल्यासारखं वाटतंय." अकराव्या वेळेनंतर मात्र तो म्हणाला, "राहू दे. मला हवं ते आहे माझ्याकडे." तिला वाटलं, अकरावं जमलं.

तिनं ते हौसेनं क्षिप्राला फोनवर सांगितलं. बाबा गेल्यापासून क्षिप्रानं आईचं एकही नाटक ऐकलं नव्हतं. या वेळी म्हणाली, "मी येते. मला ऐकायचंय."

हॉल टेंभी नाक्याच्या जवळच होता, दोघी घरून चालत गेल्या. दुपारचे तीन वाजले होते. स्टेजवर माणूस कोणी नाही, नुसते दोन मोठे स्पीकर, आणि आयोजकांनी हौसेनं त्यांनाही झेंडूचे हार घातलेले. ते बघून क्षिप्रा हसली. दिवे मंद झाले. 'फोन लागत नाही' सुरू झालं तेव्हा तिनं आईचा हात हातात घेतला. दरीतला वारा, दगडांचं घरंगळणं, फोनची रिंग, सगळं गटातल्या गुरुदत्तकाकांनी घरातल्या भांड्याकुंड्यांतून काढलेलं आणि तरी अंगावर काटा आणणारं. प्रमोदिनी खूश होती. आता आपलं स्वगत, असं म्हणून ती सावरून बसली.

स्वगताआधी एक शांतता आली. ती शांतता तिनं लगेच ओळखली. गोधड्यांची, बंद पंख्याची, मुकुलच्या खोलीची. त्या शांततेत खूप लांबून पोपट म्हणाला, "आलो, आलो."

तिला सगळं कळलं. उठावं, ओरडावं, कुठलीतरी वायर उपटून टाकावी असं तिला वाटलं. स्पीकरमधून तिचाच श्वास आला, तिचंच नाक ओढणं, आणि मग तिचा तो आवाज, जो तिनं जन्मात मायक्रोफोनला दिला नसता. "तीन वेळा आला रे. दोन चाळीस. दोन सत्तेचाळीस. तीन पाच. आणि मी इथे... मी इथे नाटकं करत बसले होते. मोबाईल फ्रिजमध्ये, कोथिंबिरीशेजारी..." त्याच्या खाली मोबाईलची थरथर ऐकू येत होती, स्टीलच्या डब्याला टेकलेली. मग हुंदका, आणि तिथेच ते कापलं होतं. नेमकं त्या वाक्याच्या अलीकडे.

दोन सत्तेचाळीसलाच क्षिप्रानं हात काढून घेतला होता.

लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. मागे कोणीतरी बाई रडत होती. तासाभरानं निकाल लागला, पहिला क्रमांक 'बिनपडदा' आणि अभिनयाचं बक्षीस प्रमोदिनी खांबेटे. नाव पुकारलं तरी ती उठली नाही. मुकुल वर गेला, माईकवर म्हणाला, "ताई भारावून गेल्यात," आणि तिची ट्रॉफी घेऊन खाली आला.

हॉलबाहेर चहा ठेवला होता. क्षिप्रा तिकडे गेली. तेवढ्यात गुरुदत्तकाका आले. एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते, आता चौऱ्याहत्तरचे. चेहरा उतरलेला.

"प्रमोदिनीताई, मोबाईलची ती थरथर मी घेतली. मुकुलनं सांगितलं, फ्रिजमध्ये स्टीलच्या डब्याला टेकवून घ्या. मी म्हटलं, फ्रिजच कशाला? तर म्हणाला, आवाज खरा वाटतो. मी मूर्खासारखा तीन तऱ्हांनी घेऊन दिला त्याला. मला खरंच काही ठाऊक नव्हतं हो."

तिचा त्यांच्यावर विश्वास होता. तिनं नुसती मान हलवली. काका गेले आणि मुकुल आला, दोन्ही हातांत ट्रॉफ्या.

"पुसलंस तू," ती म्हणाली. "माझ्या डोळ्यांसमोर पुसलंस."

"रेकॉर्डरमधलं पुसलं ना. लॅपटॉपवर होतं ते मला नंतर दिसलं. तुझाच नियम, ताई, दोन ठिकाणी." तो थोडा हसला, मग तिचा चेहरा बघून थांबला. "पुसायलाच बसलेलो, आईशपथ. शेवटचं एकदा ऐकलं आणि हात थांबला माझा. असं कोणी बोलत नाही गं. तू स्वतः अकरा वेळा ट्राय केलंस, आलं का?"

"मला विचारायचं होतंस."

"विचारलं असतं तर हो म्हणाली असतीस?"

"नाही."

"मग?" तो म्हणाला, आणि त्याला खरोखरच वाटत होतं की हे उत्तर झालं. नऊ वर्षं जिला ओवाळणी घातली तिच्यासमोर तो इतका निर्मळ चेहरा करून उभा होता, की प्रमोदिनीला रागाआधी लाजच वाटली. आपण कोणापाशी मन मोकळं केलं याची लाज.

"आणि मी काय एवढा हलकट नाहीये," मुकुल पुढे म्हणाला. "प्रभाकररावांचं नाव कापून टाकलंय. ते मधलं वाक्य पण घेतलं नाही. तेवढं कळतं मला."

"कुठलं मधलं वाक्य?"

क्षिप्रा मागे उभी होती. दोन हातांत चहाचे दोन कप.

क्षिप्रानं कप बाजूच्या खिडकीत ठेवले. "मुकुलमामा, हे कापलेलं आहे ना? पूर्ण आहे तुमच्याकडे?"

मुकुलनं एकदा प्रमोदिनीकडे पाहिलं. नाही म्हणायचं होतं, बस्स. बहिणीच्या डोळ्यांत बघून खोटं बोलायला जो माणूस वर्षभरापूर्वी कचरला नाही, त्याला नेमका आज खरेपणा सुचला.

"आहे."

"मला पाठवा."

"मुकुल, नको," प्रमोदिनी म्हणाली.

"ताई, तिचे वडील होते गं. तिचा हक्क आहे." त्यानं एक ट्रॉफी काखेत धरली, मोबाईल काढला आणि अंगठ्यानं दोनदा दाबलं. क्षिप्राच्या पर्समध्ये टुण्ण झालं. म्हणजे रेकॉर्डर आणि लॅपटॉप ही दोन ठिकाणं कधीच मागे पडली होती. तो ते खिशात घेऊन फिरत होता, आणि अजून कोणाकोणाला ऐकवलं होतं देव जाणे.

घरी पोचेपर्यंत साडेपाच झाले. घरासमोरच्या एसटी डेपोत लाऊडस्पीकरवरून गाड्यांची नावं चालू होती. याच आवाजामुळे या घरात कधी रेकॉर्डिंग करता आलं नव्हतं. क्षिप्रानं खिडक्या लावून घेतल्या, पर्समधून हेडफोन काढले आणि बाबांच्या खुर्चीत बसली.

"ऐकू नकोस," प्रमोदिनी म्हणाली. "मी सांगते ना तुला. सगळं सांगते. आत्ता, इथे बसून सांगते."

"दोन वर्षं होती तुझ्याकडे."

"तुला सांगायची हिंमत नव्हती गं."

"मामाला सांगायची होती." क्षिप्राच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच प्रमोदिनीला सोसवेना. क्षिप्रानं हेडफोन डोक्यावर चढवले, मग पुन्हा उतरवले, स्वयंपाकघरात गेली आणि फ्रिज बंद केला. घरघर थांबली. प्रमोदिनीचा हात सवयीनं खुंटीवरच्या किल्लीकडे गेला आणि तसाच खाली आला.

क्षिप्रा खुर्चीत येऊन बसली, डोळे मिटले. प्रमोदिनी समोर स्टुलावर. तिला एक अक्षरही ऐकू येत नव्हतं, पण आपण काय काय बोललो ते सगळं क्रमानं आठवत होतं. भिंतीवरच्या घड्याळाचा सेकंदकाटा ती बघत राहिली. पहिलं मिनिट नुसतं रडण्याचं. दुसऱ्यात वेळा, मग फ्रिज, कोथिंबीर. तिसऱ्यात प्रभाकर सकाळी काय बोलला ते, त्यानं केलेला चहा, निघताना तो म्हणाला होता, जा तुझ्या त्या कानाच्या नाटकाला. आणि चौथ्यात ते वाक्य. मी बघितला होता रे तो फोन. नाव वाचलं, आणि पालथा घालून ठेवला. मला वाटलं, साखरेचा डबा विचारतायत.

चौथ्या मिनिटाला क्षिप्रानं डोळे उघडले. आईकडे बघितलं नाही. बोटानं मोबाईलवर जरासं मागे नेलं आणि तेवढंच पुन्हा ऐकलं. मग आणखी एकदा.

तिनं हेडफोन गळ्यात उतरवले.

"तिसरा फोन तीन पाचला होता, आई."

"हो."

"म्हणजे तू ठेवून दिलास त्यानंतर अठरा मिनिटं बाबा होते."

ती अठरा मिनिटं प्रमोदिनीनं रोज मोजली होती. दात घासताना, भाजी निवडताना, देवापुढे हात जोडताना. तरी आज ती पहिल्यांदाच कानावर पडत होती, आणि तीही लेकीच्या तोंडून. ती काहीतरी बोलायला गेली.

"थांब," क्षिप्रानं हात वर केला. "अजून तीन मिनिटं आहेत. मध्ये बोलू नकोस."

तिनं हेडफोन पुन्हा चढवले. प्रमोदिनी गप्प बसली. हलली नाही, स्टूल करकरू दिलं नाही, श्वाससुद्धा हळू घेतला. इतक्या रविवारांच्या सवयीनं तिला ते चांगलं जमत होतं.